थॅलेसेमिया, सिकलसेल आणि जीन थेरपी: वाट बघताना काय करायचं?

सावनी_कळवा (धागाकर्ती)

'थॅलेसेमियावर कायमचा इलाज सापडला, एकच इंजेक्शन' हा मेसेज ठाणे-कळवा-ऐरोलीच्या आमच्या पालकांच्या गटावर थोड्या थोड्या दिवसांनी फिरून येतो. मग प्रश्न सुरू होतात. आपल्याकडे कुठे मिळेल, किती पैसे लागतील, आता लोह उतरवायच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील का? हा शेवटचा प्रश्न वाचला की माझ्या पोटात गोळा येतो. माझी मुलगी थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे तिला नियमित रक्त चढवावंच लागतं; आठवीत आहे. या विषयावर मिळेल ते वाचते, तिच्या डॉक्टरांना विचारून तपासून घेते. त्यातलं जे पक्कं आहे तेवढं इथे लिहिते.

इलाज खोटा नाही. १६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटनने 'कॅसजेव्ही'ला मान्यता दिली. क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने जनुकात बदल करून दिला जाणारा हा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने तो सिकलसेलसाठी मंजूर केला आणि जानेवारी २०२४ मध्ये रक्तावर अवलंबून असलेल्या थॅलेसेमियासाठी. ही मान्यता १२ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी होती. चाचणीत थॅलेसेमियाच्या ज्या ३५ जणांवर पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं, त्यांतल्या ३२ जणांना सलग किमान वर्षभर रक्त चढवावं लागलं नाही.

हे होतं कसं? पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात गॅमा नावाची प्रथिनाची साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर गॅमा जवळजवळ बंद करून बीटा साखळी वापरायला लागतं. आपल्या मुलांची बीटाच बिघडलेली असते. म्हणून तर ती जन्मतः गुटगुटीत दिसतात आणि सहा महिने होता होता पांढरी पडायला लागतात. गॅमा बंद करणारं एक प्रथिन आहे, बीसीएल-११ए. त्याचं हे काम २००८ साली स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने दाखवून दिलं. कॅसजेव्ही बीटाच्या बिघाडाला हात लावत नाही. ती तांबड्या पेशींतलं बीसीएल-११ए कमी करते, की गॅमा पुन्हा चालू होते. आयुष्यभर गर्भातलं हिमोग्लोबिन टिकून राहिलेली माणसं निसर्गात आहेत आणि ती ठणठणीत असतात. त्यामुळे हा रस्ता धरायला शास्त्रज्ञांना आधार होता.

आता 'एकच इंजेक्शन' या शब्दांबद्दल. आधी औषध देऊन रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी हाडांच्या पोकळीतून रक्तात आणतात आणि यंत्राने गोळा करतात. पुरेशा मिळाल्या नाहीत तर पुन्हा. त्या कारखान्यात जातात. बदल करून, तपासून परत यायला काही महिने लागतात, तोवर रक्त चढवणं चालूच. मग बुसल्फान नावाची जबर केमोथेरपी देऊन हाडांतली जुनी मज्जा रिकामी करतात, आणि त्यानंतर ती पिशवी चढवतात. नव्या पेशी रुजेपर्यंत मूल काही आठवडे वेगळ्या खोलीत, जंतुसंसर्गाच्या धोक्यात. केस जातात, तोंड सोलतं, यकृताला इजा होऊ शकते, पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. तरीही माझ्या मुलीला उद्या हे मिळालं तर मी नक्की विचार करेन. पण कशाला 'हो' म्हणतोय ते माहीत असायला हवं.

माझं खरं सांगणं पुढे आहे. ज्या चाचण्यांचे आकडे आपण आनंदाने फॉरवर्ड करतो, त्यांत हृदयात फार लोह साचलेले किंवा यकृत खूप खराब झालेले रुग्ण घेतलेच नव्हते. म्हणजे थेरपी उद्या अगदी फुकट आली, तरी पहिला नंबर त्याच मुलाचा लागेल ज्याचं हृदय आणि यकृत धड आहे. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. इलाज येतोय म्हणून लोह उतरवायच्या गोळ्यांत ढिलाई करणं म्हणजे त्याच इलाजाचं दार आपल्या हाताने लावून घेणं. गोळ्यांनी मळमळतं, पोट बिघडतं, मुलं कंटाळतात, वयात आलेली तर लपवून फेकतातही. हे सगळं मी घरात बघते आहे. तरी सांगते, जीन थेरपीची तयारी म्हणून आज आपल्या हातात काही असेल तर ते फेरिटिन (साचलेलं लोह दाखवणारा रक्तातला आकडा) खाली ठेवणं.

---

विनय_ऐरोली

सावनीताई, धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. पोरगा सात वर्षांचा आहे. गटावर कुणीतरी १८ कोटी लिहिलं होतं, ते खरं का? आणि क्राउडफंडिंगने जमवून परदेशात नेलं तर?

---

सावनी_कळवा

विनय, अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर आहे, म्हणजे रुपयांत १८ कोटींच्या वरच. ती फक्त त्या पेशींची. दवाखान्यातला मुक्काम, केमो, पुढचा पाठपुरावा सगळं वेगळं. 'झिंटेग्लो' ही थॅलेसेमियाची दुसरी जीन थेरपी, तिला अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तिची किंमत २८ लाख डॉलर. युरोपात तिला २०१९ मध्येच परवानगी मिळाली होती, पण सरकारांशी किमतीवर जमलं नाही आणि कंपनी तिथून बाहेर पडली. औषध चांगलं असूनही तिथल्या रुग्णांना मिळेनासं झालं, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलगा सात वर्षांचा असेल तर त्याच्यासाठी क्राउडफंडिंगच्या आधी विचारायचा प्रश्न दुसरा आहे. त्याला सख्खं भावंडं आहे का? एचएलए (दात्याशी मज्जा जुळते का ते बघायची तपासणी) केलंय का?

---

हिरवा_चाफा

रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून थोडी भर.

बीटा जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे आणि त्यात थॅलेसेमिया घडवणारे २०० हून अधिक बदल माहीत आहेत. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारा आयव्हीएस १-५. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो, तो पुष्कळदा दिसतो. प्रत्येक बदलासाठी वेगळी दुरुस्ती करायची म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. गॅमा चालू करण्याच्या युक्तीची ताकद इथेच आहे. बिघाड कुठलाही असो, उपाय एकच चालतो. सिकलसेललाही तोच.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला फार सुंदर वाटते. बीसीएल-११ए शरीरात इतरत्रही लागतं, बी लिम्फोसाइट पेशी घडायला लागतं, मेंदूतही त्याला काम आहे. ते सरसकट तोडलं तर अनर्थ. पण त्या जनुकाच्या आत एक छोटा तुकडा आहे, जो फक्त तांबड्या पेशी घडताना त्याचा जोर वाढवतो. क्रिस्परची कात्री नेमकी त्या तुकड्यावर चालवतात. बाकी शरीराला त्याची झळ लागत नाही.

झिंटेग्लोची रीत निराळी आहे. तिथे काही कापत नाहीत. लेंटिव्हायरस नावाच्या निष्प्रभ केलेल्या विषाणूवर चांगलं बीटा जनुक चढवून ते मूळ पेशीत जादा घालतात. ते जनुक गुणसूत्रात कुठे जाऊन बसेल यावर पूर्ण ताबा नसतो. याच घराण्यातल्या सिकलसेलच्या 'लिफजेनिया' या थेरपीच्या माहितीपत्रकावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापलेला आहे. कात्रीच्या पद्धतीतही भलत्या जागी काप जाण्याची भीती असतेच. म्हणून या सगळ्या रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवायचं ठरलंय.

---

मोरपीस

+१. वाचनखूण साठवली. हिरवा_चाफा, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

---

शहापूरचा_गुरुजी

मी शहापूर तालुक्यात आश्रमशाळेवर शिकवतो. इथे थॅलेसेमियापेक्षा सिकलसेलची पोरं जास्त. थंडी पडली, ताप आला, पाणी कमी प्यायलं की हातापायांत अशा कळा सुटतात की पोर जमिनीवर लोळतं. 'शाळा बुडवायला नाटक करतो' असं म्हणणारी माणसं मी पाहिलीत. त्या दुखण्याचं मूळ एका अक्षरात आहे. बीटा जनुकात ए च्या जागी टी, त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. रोगाचं कारण रेणूत सापडतं हे जगाने पहिल्यांदा याच आजारात पाहिलं, १९४९ मध्ये लायनस पॉलिंगच्या शोधनिबंधात. सगळ्यात आधी ओळखलेला रेणूचा आजार, आणि त्याची पोरं आजही पाड्यावर पॅरासिटामॉलवर. हे मला सहन होत नाही.

चांगलंही सांगतो. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची असं ठरलंय. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेतली क्रिस्पर थेरपी जाहीर झाली. नाव 'बिरसा १०१', बिरसा मुंडांवरून. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलंय. वर्गात पोरांना सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "गुरुजी, हे आपल्यासाठीच केलंय का?" मी हो म्हणालो. आता ते खरं करून दाखवायची जबाबदारी मोठ्यांची आहे. कारण थेरपीला लागणारी केमो, वेगळी खोली, रक्तपेढी हे तालुक्याला नाही, जिल्ह्यालाही अवघड. तोवर हायड्रॉक्सीयुरिया वेळेवर मिळणं आणि ते रोज घेतलं जाणं, यावर माझा जोर असतो. त्यानेही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि कळा कमी येतात. गोळी स्वस्त आहे.

---

सावनी_कळवा

गुरुजी, तुमचा प्रतिसाद आमच्या गटावर तुमच्या परवानगीने टाकू का? आमच्या गटात सिकलसेलचे पालक जवळजवळ नाहीत. दोन्ही आजारांची मागणी एकच असताना आपण वेगवेगळे ओरडतोय.

---

शहापूरचा_गुरुजी

खुशाल टाका ताई.

---

सेक्टर_बावीस

खारघरला राहतो, म्हणून किमतीच्या मुद्द्यावर लिहावंसं वाटलं. सगळे १८ कोटी ऐकून हात टेकतात. आमच्याच नोडमध्ये टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांसाठी 'नेक्सकार-१९' ही कार-टी पेशी थेरपी उभी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला केंद्राच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं. परदेशात अशा थेरपीला जे पडतात त्याच्या साधारण एक दशांश किमतीत ती इथे मिळते.

तो आजार वेगळा, हे कबूल. पण काम बघा: रुग्णाच्या पेशी काढायच्या, लेंटिव्हायरसने त्यांत जनुक घालायचं, निर्जंतुक खोलीत वाढवायच्या, तपासायच्या, परत द्यायच्या. थॅलेसेमियाच्या जीन थेरपीला लागणारं बरंचसं कौशल्य हेच आहे. किंमत उतरते ती वस्तू इथे बनते तेव्हा. म्हणून मला वाटतं, पालकांनी 'परदेशी औषध आयात करा' यापेक्षा 'इथल्या चाचण्यांना पैसा द्या' ही मागणी लावून धरावी.

---

अनिकेत_नेरुळ

हिमोफिलियाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, मला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त नीट गोठत नाही. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाचं काम इथे सांगायलाच हवं. रुग्णाच्याच मूळ पेशींत लेंटिव्हायरसने रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ चं जनुक घालून त्या परत दिल्या. पाच रुग्ण, निकाल डिसेंबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आले. पेशी रुजल्यानंतर पाचही जणांना रक्तस्राव झाला नाही. भारतातल्या रुग्णालयात, भारतातल्या रुग्णांवर. परदेशात हिमोफिलियाच्या ज्या जीन थेरपी आहेत त्या एएव्ही विषाणूवर बसवून थेट शिरेतून देतात आणि यकृतात काम करतात, तिथे केमो लागत नाही. पण त्या विषाणूविरुद्ध आधीच प्रतिपिंडं असली तर अडचण. वेल्लोरच्या पद्धतीत तो अडसर नाही, मात्र केमो आली. दोन्हीचं आपलं आपलं दुखणं.

रक्ताच्या पिशवीतून येणाऱ्या आजारांची भीती काय असते ते माझ्या आधीच्या पिढीने भोगलंय. त्यामुळे रक्त नॅट तपासणीचं (रक्तातले विषाणू लवकर पकडणारी तपासणी) मिळतंय का, हे थॅलेसेमियाच्या पालकांनी दर वेळी विचारा. लाजू नका.

---

माधुरी_उल्हासनगर

हिरवा_चाफा यांनी ६१९ चा उल्लेख केला, तो आमच्या घरातला. आम्ही सिंधी, चार पिढ्या उल्हासनगरात, लिहिते मात्र मराठीत. माझा भाचा मेजर आहे. बहिणीला दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा एक एजंट घरी येऊन बसला. नाळेचं रक्त साठवा, पुढे थॅलेसेमिया बरा होईल. हप्त्याने पैसे भरायचे. हे खरं असतं का? ओळखीतल्या दोन मुलांचे पालक अजून भरतायत, म्हणून विचारते.

---

हिरवा_चाफा

माधुरीताई, ज्या बाळाला थॅलेसेमिया आहे त्याच्याच नाळेतल्या पेशींत तोच बिघाड असतो. त्या त्याला परत देऊन काहीही होत नाही. धाकटं भावंडं निरोगी किंवा मायनर (बिघाडाची एकच प्रत असलेलं, आजारी नसलेलं) असेल आणि एचएलए जुळत असेल, तर त्याच्या नाळेतलं रक्त मोठ्याला उपयोगी पडू शकतं. त्यासाठी आधी मूल मेजर आहे हे माहीत हवं, डॉक्टरांनी ठरवलेलं हवं. 'पुढे कधीतरी लागेल' म्हणून स्वतःच्याच बाळासाठी हप्ते भरायला आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने कधीही सांगितलेलं नाही.

आणि बहिणीने दुसऱ्या वेळी गर्भाची तपासणी करून घेतली का? आई-बाप दोघेही मायनर असले की प्रत्येक खेपेला २५ टक्के शक्यता मेजरची. दहा ते बारा आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन ते कळतं. आईवडिलांचा नेमका बदल आधीच शोधलेला असेल तर काम लवकर होतं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची (रक्तविकारांची) संस्था आहे, तिथे हे काम अनेक वर्षं चालतं.

---

माधुरी_उल्हासनगर

केली होती. मुलगी मायनर आहे, खेळते आहे. एजंटचे हप्ते बहिणीने भरले नाहीत, पण त्या दोघांना हा प्रतिसाद आजच दाखवते.

---

भरारी_७

एक स्पष्ट मत. जीन थेरपी येणारच आहे, मग बीएमटीसारखा (दात्याची मज्जा बसवण्याचा) धोका आता कशाला पत्करायचा? माझ्या ओळखीत एकाने भावाची मज्जा जुळत असूनही थांबायचं ठरवलंय. मला ते शहाणपणाचं वाटतं.

---

सावनी_कळवा

भरारी, याला माझा ठाम विरोध आहे, राग मानू नका.

जीन थेरपीत केमो नाही असं समजून तुम्ही तुलना करताय. केमो दोन्हीकडे आहे. जीन थेरपीचा मोठा फायदा म्हणजे दात्याची गरज नाही, आणि दात्याच्या पेशींनी शरीरावर हल्ला करायचा धोका नाही. ज्याला दाता मिळत नाही त्याच्यासाठी हे फार मोठं आहे. माझ्या मुलीला भावंडं नाही, नोंदणीत जुळणारा दाता मिळाला नाही, म्हणून आम्ही वाट बघतोय. आमच्यापुढे दुसरा रस्ताच नाही.

पण सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळत असेल, मूल लहान असेल, यकृत चांगलं असेल, तर बीएमटीनंतर थॅलेसेमियातून सुटण्याचं प्रमाण चांगल्या केंद्रांत ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात आहे. वय वाढलं, लोह साचलं, की ते घसरतं. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं स्वतंत्र केंद्र आहे, तिथे हे होतं. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते, त्यासाठी एचएलए जुळणारा दाता आणि उत्पन्नाची अट आहे. ज्या घरात जुळणारा भाऊ आहे त्याने थांबू नये, डॉक्टरांना भेटून निर्णय घ्यावा. तुमच्या ओळखीच्या त्या पालकांना हे वाचायला द्या. त्या मुलाचं एकेक वर्ष मोलाचं आहे.

---

भरारी_७

केमो दोन्हीकडे असते हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्याशी आज बोलतो.

---

रश्मी_घणसोली

मी स्वतः मेजर आहे, २६ वर्षांची, नोकरी करते. लग्नाचं बघतायत. मला विचारायचंय, जीन थेरपी झाली तर माझ्या बाळाला थॅलेसेमिया जाणार नाही ना?

---

हिरवा_चाफा

रश्मी, प्रश्न अगदी महत्त्वाचा. या थेरपीत फक्त रक्ताच्या मूळ पेशी बदलतात. स्त्रीबीजं तशीच राहतात, म्हणजे थेरपी झाली तरी प्रत्येक बाळाला तुमच्याकडून एक बिघडलेली प्रत जाणारच. बाळ किमान मायनर असेल. मेजर होईल की नाही हे जोडीदारावर ठरतं. त्याचं एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) सामान्य असेल तर बाळ मेजर होत नाही. तो मायनर निघाला तर दर खेपेला ५० टक्के शक्यता. म्हणून थेरपी असो वा नसो, होणाऱ्या नवऱ्याचं एचपीएलसी आधी. नुसत्या सीबीसीवर (रक्तातल्या पेशींच्या साध्या मोजणीवर) 'हिमोग्लोबिन बारा आहे' म्हणून सोडून देऊ नका, मायनर माणसाचं हिमोग्लोबिन चांगलं असू शकतं. एचपीएलसीत एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार किती आहे ते बघायचं.

भ्रूणाच्या जनुकात बदल करायची गोष्ट निराळी आणि आज ती कुणी करू नये. २०१८ मध्ये चीनमध्ये एका शास्त्रज्ञाने ती केली आणि तुरुंगात गेला.

दुसरं, बुसल्फानमुळे बीजांडांना इजा होऊ शकते. पुढे कधी बीएमटी किंवा जीन थेरपी ठरली तर आधी बीजं गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. हा विषय पुष्कळदा आपल्यालाच काढावा लागतो.

---

रश्मी_घणसोली

हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. आई म्हणते स्थळांना आजार आधी सांगायचा नाही. मी सांगणार आहे, आणि त्याच्या तपासणीचं पण बोलणार.

---

सावनी_कळवा

रश्मी, सांगच. आणि अपंगत्वाचं यूडीआयडी ओळखपत्र काढलंस का? अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया तिन्ही आहेत.

---

विनय_ऐरोली

ताई, धाकटी तीन वर्षांची आहे, मायनर. एचएलए केलेलं नाही, कुणी सांगितलंच नव्हतं. मेजरला मायनरची मज्जा चालते? आणि तिला त्यासाठी काही त्रास?

---

सावनी_कळवा

मायनर भावंडाची मज्जा चालते, जुळली पाहिजे एवढंच. सख्ख्या भावंडात जुळायची शक्यता चारात एक. तपासणीला थोडं रक्त किंवा गालाच्या आतला स्वॅब पुरतो. चौघांचं एकदम करून घ्या, आईवडिलांचंही. रक्त चढवायला डे-केअरला पुढच्या वेळी जाल तेव्हा एचएलएची चिठ्ठी मागा. मुलाच्या वर्षभरातल्या फेरिटिनचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. लोह उतरवायच्या गोळीचा डोस त्याच्या आजच्या वजनावर आहे का तेही विचारा. मुलं वाढतात आणि डोस जुन्या वजनावरच राहतो, असं आमच्या गटात बऱ्याच जणांचं झालंय. हृदयातलं लोह मोजणारं टी-टू-स्टार एमआरआय कधीपासून करायचं, ते त्याच वेळी ठरवून घ्या.

---

विनय_ऐरोली

मंगळवारी तारीख आहे. बायकोला आणि धाकटीला बरोबर नेतो. रिपोर्ट आला की इथेच लिहितो.